हळदूचं पेन

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका खरादी मित्राच्या शेडवर जाऊ लागलो. तो पलंगाचे पाय आणि लाटणी करतो. जेवणानंतर त्याचं यंत्र रिकामं असतं. त्या दोन तासांत मी लाकडी पेनं करायला शिकलो.

दुपारी पत्र्याच्या भोकांतून कवडसे आत येतात आणि त्यांत भुसा तरंगत राहतो. वेगात फिरणारं लाकूड थांबल्यासारखं दिसतं. त्याच्या कडा विरघळतात. आत दुसरंच एखादं फिकट पेन झोपलं असावं असा भास होतो. काही वेळाने घरघर ऐकू येईनाशी होते. संध्याकाळ झाल्याचं मला बहुतेक वेळा मित्रच सांगतो.

माझी मोठी बहीण मारेगावला शिक्षिका होती. नोकरी लागली त्या दिवसापासून ती रोज एक पान डायरी लिहीत आली. गेल्या हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा हलका झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं. उजव्या हाताच्या बोटांत मात्र पेन टिकेना. डायरी बंद पडली.

मी तिच्यासाठी हळदूचं जाड पेन केलं. हळदू पिवळं, घट्ट लाकूड. जुन्या फण्या त्याच्या असत. खरखरीत काचपेपरपासून सुरुवात करून सगळ्यांत मऊ कागदापर्यंत घासलं, वर लाख चढवली. तिने हातात घेतलं आणि ते फरशीवर पडलं.

"मासोळी हाय का रे हे?"

दुसरं आणखी जाड केलं, तितकंच चकचकीत. तेही निसटलं. या वेळी ती हसली नाही.

"अजून एक करून पाह्य, भाऊ. ते बी नाही जमलं तर मले पुन्हा पेन दाखवू नको."

तिसऱ्यासाठी बोटांचं माप हवं म्हणून तिलाच शेडवर आणलं. माप झाल्यावर ती यंत्राजवळ स्टुलावर बसली. मी घासत राहिलो.

"काहून एवढं घासून राह्यले, साहेब?" मित्र म्हणाला. "तोंड पाहाचं हाय काय त्याच्यात?"

"लहानपनापासून असाच हाय हा," बहीण म्हणाली. "इस्त्री मोडते म्हनून लग्नात जेवाले बसे नाही."

मी घासतच राहिलो. भुसा तिच्या केसांवर, मांडीवर उतरत होता. यंत्र थांबवलं तेव्हा मला दिसलं, टाकाऊ तुकड्यांच्या डब्यातलं एक अर्धवट पेन तिच्या बोटांत होतं. त्यावर पटाशीच्या चऱ्या तशाच होत्या. काचपेपर लागलेला नव्हता. ती ते केव्हापासून फिरवत होती कोण जाणे. पडलं नव्हतं.

"याच्यात रिफिल टाक," ती म्हणाली.

आरपार भोक आधीच पाडलेलं होतं. मी रिफिल बसवली. तिने काचपेपरच्या मागच्या बाजूवर तारीख लिहिली. खाली लिहिलं: आज भावाच्या शेडवर आली. मग आणखी चार ओळी. अक्षर वाकडं होतं. पेन जागेवर होतं.

"आण, थोडं घासून देतो. बोटांना टोचेल."

"हात नको लावू त्याले."

डायरीत चिकटवायला तिने तो कागद पिशवीत घातला. मारेगावच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बस हलेपर्यंत मी खाली उभा होतो. तिची उजवी मूठ पेनाभोवती मिटलेली होती आणि बोटांच्या फटींत पिवळा भुसा होता.