शुक्रवारच्या सुरमईला लॅव्हेंडर

सुगंधोपचाराच्या ऑनलाइन कोर्सला मी नाव घातलं, तेव्हा वास घ्यायला शिकवणी कशाला लागते, एवढंच आईने विचारलं. तिचं विचारणं रास्त होतं. मिठबावच्या तिठ्यावर ती तीस वर्षं मासे विकते आणि बांगडा कालचा की आजचा हे टोपलीपासून चार हात लांबून सांगते. पण मी तेव्हा फार हवेत होते.

पुण्याच्या मॅडम मोबाइलवर शिकवायच्या. तेलाचा थेंब कागदाच्या पट्टीवर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि आधी कोणता वास आला, मग कोणता, शेवटी काय उरलं, ते वहीत लिहायचं. मी प्रामाणिकपणे लिहिलं: आधी लिंबू, मग फुलं, शेवटी बांगडा. निलगिरी असो की गुलाब, आमच्या घरात शेवटी बांगडाच उरायचा. तेल भेसळीचं असावं, असा मॅडमनी शेरा मारला. लेमनग्रासची करंगळीएवढी बाटली आली तेव्हा आई ती हुंगून परसात गेली, मूठभर गवती चहा कापून माझ्यापुढे ठेवला आणि भांडी घासायला बसली.

परीक्षेसाठी एकाच माणसाला पाच वेळा मालिश करून, काय फरक पडला ते लिहून, त्याची सही आणायची होती. सर्टिफिकेट हातात पडलं की गावातल्या होमस्टेचा मालक मला समुद्राकडची खोली मालिशसाठी देणार होता. तिचे पडदे कोणत्या रंगाचे, हेही मी ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाईक म्हणून आईच बरी वाटली. आडाळ्यावर मासे कापून कापून तिची मनगटं नेहमी धरलेली असायची.

गुरुवारी तिन्हीसांजेला तिला पडवीत बसवलं. नियमाप्रमाणे खोबरेलात दोन थेंब लॅव्हेंडर घालायचं होतं. आईच्या हातांचा तीस वर्षांचा मुरलेला वास बघून मी वीस घातले. डोळे मिटून समुद्र आठव म्हटलं, तर तिला बर्फ सांगायचा राहिल्याचं आठवलं. तरी थोड्या वेळाने ती खुर्चीतच घोरायला लागली. मी वहीत ‘उत्तम परिणाम’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

शुक्रवारी मी मुद्दाम वही घेऊन तिच्यासोबत तिठ्यावर गेले. वाडीतल्या एक निवृत्त शिक्षिका, ख्रिश्चन बाई, शुक्रवारी सगळ्यांच्या आधी यायच्या. त्या घेतील त्या टोपलीशी बाकीची गिऱ्हाइकं थांबायची, त्यामुळे आईला त्यांचा भारी अभिमान. बाईंनी सुरमई उचलली, कल्ले लाल आहेत ना बघितलं, मग नाकाशी नेली आणि तिथेच थबकल्या.

“ह्या सुरमयेक सेंट कित्याक लावलंस गो?”

आमच्याकडे माशाला सुगंध आला की विकणारीला काहीतरी झाकायचंय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंनी सुरमई खाली ठेवली आणि शेजारणीकडून घेतली. मागचे तिघेही सरकले. सुरमई तासाभरापूर्वी होडीतून उतरलेली होती. लेकीचा कोर्स, मालिश, सगळं आईने सांगून बघितलं, पण कोण ऐकतंय! मग मी शहाणी पुढे झाले आणि स्वतःच्या हातांनी मासे उचलून दाखवायला लागले. माझे हात तिच्याहून जास्त घमघमत होते. लॅव्हेंडरने मन शांत होतं, असंही मी सांगितलं. एका काकांनी ते माशाच्या तिखल्यात चालेल का म्हणून विचारलं.

घरी येताना आई वाटेत थांबली. “लोकां माझ्या हाताचो वास बघून मासो घेतत. तो वासच तू पुसून टाकलंस.”

मला खरंच रडू आलं. तिचं तीस वर्षांचं नाव मी एका संध्याकाळीत घालवलं होतं. दुपारी तीच सुरमई आम्ही खाल्ली. पहिल्या घासाला फुलांचा वास येत होता.

मग आईने हात राखेने घासले, चिंचेने घासले आणि शेवटी बांगड्याच्या आतड्यांत मनगटांपर्यंत बुडवले. माझेही बुडवले. शनिवारी बाई दिसताच तिने मासे बाजूला ठेवून आधी तळवे पुढे केले. बाईंनी ते हुंगले, मान डोलावली आणि दोन पापलेटं घेतली. माझा जीव भांड्यात पडला. उरलेल्या चार मालिशींचं नाव काढायची मात्र छाती झाली नाही. मी बाटल्या खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या.

रविवारी संध्याकाळी आई टोपली धुऊन आली, पडवीत बसली आणि दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवले.

“काढ ती बाटली. फाल्या सोमवार.”

सोमवारी गावात मासे खपत नाहीत, टोपली दिवसभर पालथी असते. वास जायला अख्खा दिवस होता. कोर्सच्या नियमांत पाच वेळा एवढंच होतं, रोज असं कुठे नव्हतं. आजचा धरून चार रविवार मला पुरणार होते. मी धावत खोकं काढलं आणि या वेळी अगदी नियमाने खोबरेलात दोनच थेंब घातले.

आईने वाटी लांबूनच हुंगली. “दोनच? त्या दिसा वीस होते.”

तो आकडा मी कुणालाच सांगितला नव्हता, वहीतसुद्धा लिहिला नव्हता. मी उरलेले अठरा मोजून घातले.