सांडायचं नाही

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. माझी मुलगी मुक्ता पाण्याचा पेला दिसला की का थिजायची, ते मला पहिल्यापासून माहीत होतं. सुमतीअक्काला मात्र मी ते कळू दिलं नाही... आणि आता ती गेली, त्याला महिना होऊन गेला.

अक्का माझी आतेबहीण. राजाजीनगरात आमच्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर ती लहानांना, मोठ्यांना, कधी अख्ख्या कुटुंबाला थेरपी द्यायची. मुक्ता ऑटिस्टिक आहे हे कळल्यावर आम्ही तिला वर नेलं. मुक्ता टेबलाखाली शिरली, तशी अक्काही साडी सावरत तिच्याशेजारी जाऊन बसली. आनंद झाला, भीती वाटली की मुक्ता दोन्ही हात फडफडवते. "हे कधी थांबेल?" मी विचारलं. टेबलाखालूनच उत्तर आलं, "कशाला थांबवायचं? तू गल्ल्यावर दिवसभर पाय हलवतोस, तुला कुणी बांधून घातलंय का रे, बाळू?" माझी बायको विद्या खळखळून हसली. मीही हसलो. पटलं मात्र नाही.

आमच्याकडे रविवारी नातेवाइकांची ये-जा असते. त्यांच्यासमोर मुक्ताचे हात फडफडू लागले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मी एक युक्ती काढली. विद्या स्वयंपाकघरात गुंतलेली असताना भरल्या पेल्यांचा ट्रे मुक्ताच्या हातात द्यायचा आणि कानात सांगायचं, "सांडायचं नाही." हात अडकले की फडफडणार कसे? सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत ती ट्रे घट्ट धरून उभी राहायची, बोटं पांढरी पडायची. "किती गं शहाणी!" काकू म्हणायच्या. ते ऐकायला मला बरं वाटायचं.

हळूहळू वर अक्काकडे मुक्ता पाणी पिईना. अक्काने पेले बदलले, बाटली आणली, स्वतः ओंजळीने पिऊन दाखवलं. एका मुलाला लागू पडलेलं दुसऱ्यावर लादायचं नाही, ही तिची रीत. त्यामुळे मुक्ताचं कारण ती मुक्तातच शोधत राहिली. एका दुपारी तिने जिन्यातून तिच्या कानडीमिश्रित मराठीत हाक मारली, "बाळू, स्वल्प, जरा वर ये." मी गेलो. "घरी पाण्यावरून काही झालंय का रे? कुणी रागावलं तिला?"

"नाही," मी म्हणालो.

"सरी, ठीक आहे. मग माझंच काहीतरी चुकतंय."

मी खाली आलो आणि उलगडलेले तागे गुंडाळत बसलो. त्यानंतर ट्रे बंद केला, पण बोललो नाही. एकाला सांगायचं तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं... रोज त्याच जिन्याखाली बसून मी कापड मोजत राहिलो. वर्षांमागून वर्षं गेली, तसं तोंड उघडणं आणखी अवघड झालं.

हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हा तिने विचारलं, "मुक्ता पाणी पिते ना रे आता?" पिते म्हणालो. "मला तेवढं काही जमलं नाही बघ." आम्ही दोघंच होतो. मी तिचं पांघरूण सारखं केलं. दोन दिवसांनी दुकानात विद्याचा फोन आला.

अक्काची खोली अजून तशीच आहे. कॉलेज सुटलं की मुक्ता तिथे एकटी बसते. मुलांजवळ जाण्याआधी अक्का नेहमी "येऊ का?" असं विचारायची. परवा मी दारात उभा राहून तेच विचारलं. मुक्ता म्हणाली, "नको." मी बाहेर पायरीवर बसलो.

अक्काला आता काहीच सांगता येणार नाही. हा लेख छापून येण्याआधी विद्याला सगळं सांगायचं आहे. आणि मुक्ताची माफी मी अजून मागितलेली नाही.