चे, मिरा!

रामिरो नव्या माणसाला भेटला की आधी त्याच्या भाषेतले दोन शब्द विचारायचा: ‘माझा’ आणि ‘तुझा’. फुटबॉलमध्ये उंच आलेल्या चेंडूवर एकाच टीमचे दोघं धावले, तर एकानं ‘माझा’ ओरडायचं किंवा ‘तुझा’ म्हणून सोडून द्यायचा. “बाकीची भाषा सावकाश येते,” तो म्हणायचा, “पण हे दोन शब्द नसले तर पहिल्याच दिवशी दात पडतो.” त्याचा पुढचा एक दात खोटा होता. खरा ग्रीसमध्ये पडला होता.

अर्जेंटिनातल्या एका लहान गावातून निघालेला हा माणूस बोलिव्हिया, मेक्सिको, ग्रीस, इंडोनेशिया असा खेळत खेळत अमेरिकेत, ओहायोत पोचला. मोठ्या क्लबांनी त्याला कधी विचारलं नाही. बुडायला आलेले क्लब मात्र हटकून बोलवायचे. इथं गुडघा गेला आणि तो ओहायोतल्याच आमच्या डब्लिन गावात मुलींच्या टीमचा कोच झाला. आम्ही मराठी आईबाप त्याच्या माघारी त्याला रामभाऊ म्हणायचो. त्याला ते कळलं, तेव्हापासून तो फोनवरही “रामभाऊ हिअर” म्हणू लागला.

माझी मीरा त्या टीममध्ये होती, आणि पहिल्याच सीझनला माझं त्याच्याशी बिनसलं. मीराच्या पायाशी चेंडू आला की तो ओरडायचा, “छे, मीरा!” चांगला पास दिला तरी तेच, चेंडू दुसऱ्या मुलीकडे असला तरी तेच. ती मान खाली घालायची. एकदा गाडीत म्हणाली, “कोच हेट्स मी, बाबा. आय वाँट टू क्विट.” तिला टीममधून काढायचं ठरवूनच मी मैदानावर गेलो.

रामिरो जाळीच्या पिशवीत चेंडू भरत होता. माझ्या मुलीवर एवढा राग का, असं मी विचारलं. त्याला काही कळेना, म्हणून मी त्याचीच नक्कल करून दाखवली. तो हसला, पण माझा चेहरा बघून थांबला. त्यांच्याकडे म्हणे मित्राला ‘चे’ अशी हाक मारतात, आणि ‘मिरा’ म्हणजे बघ. “अरे, बघ! एवढंच. मी सगळ्याच मुलींना ओरडतो. चेंडू पायाशी आला की मान वर करायची.” मग त्यानं विचारलं, “तुमच्यात त्याचा अर्थ काय?”

सांगायला गेलो आणि लक्षात आलं, तो ‘छे’ त्याचा नव्हताच, माझा होता. गणितात एक उत्तर चुकलं, छे, मीरा. पियानोवर बोट घसरलं, छे, मीरा. पोरीला कोचच्या तोंडून बाप ऐकू येत होता. मी हे त्याला तसंच सांगून टाकलं. पिशवीची गाठ मारत तो म्हणाला, “मग तुझ्या ‘छे’तली हवा काढ, ‘चे’ उरेल. हवा चेंडूत लागते, हाकेत नाही.”

मीराला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली, आणि टीममध्ये राहिली. त्यानंतर त्याची हाक आली की तिची मान वर जायची. तो म्हणायचा, “चेंडू कुठे पळतोय? तो तुझ्या पायाशीच आहे. बघण्यासारखं सगळं लांब आहे.”

यंदा दुसऱ्या राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबानं त्याला मुख्य कोच नेमलं. तोही तळाला गेलेलाच क्लब, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. शेवटच्या प्रॅक्टिसला मीराकडे बोट दाखवून तो मला मराठीत म्हणाला, “तुझा.” लिंग चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. चेंडू सोडताना असंच ओरडतात.

आता त्याची मॅच आम्ही टीव्हीवर बघतो. पडद्यावर त्याचं नाव आलं की घरी आलेल्यांना, कोणी विचारलेलं नसतानाही, मी सांगतो: हे आमचे रामभाऊ. परवा कोट घालून तो रेषेपाशी उभा होता आणि कुठल्या तरी माइकनं नेमका त्याचा आवाज पकडला, “चे, मिरा!” डिशवॉशर लावणारी मीरा आतून ओरडली, “येस, कोच!”

मीही हाक मारली, हवा काढून. “चे, मीरा.”

ती मान वर करून बाहेर आली.