चालू दुकानाला वाहिलेली श्रद्धांजली

दुकानाचं शटर तीन आठवडे खाली दिसलं, म्हणून ते दुकान कायमचं बंद झालं असं मी छापून टाकलं. कोणाला विचारलं नाही.

उमरखेडच्या व्यापाऱ्यांसाठी मी वर्षभर एक पत्रक काढलं. दर सोमवारी दोन पानं मोबाइलवर जुळवायची आणि सगळ्यांना पाठवायची. कोणी मिठाईचं दुकान उघडलं, कोणी हार्डवेअरच्या दुकानात भावाला भागीदार केलं, कोणती सरकारी तारीख जवळ आली, असला मजकूर. नोकरीतून मोकळा झालो होतो आणि मराठी बरी लिहितो असा माझा समज होता. बातमी गोळा करायची माझी पद्धत अशी की, स्कूटर बंद करायची नाही. गाडी चालू, एक पाय जमिनीवर, "काय शेठ, नवीन काय?" एवढं विचारून पुढे.

बसस्टँडजवळ एक चाचा फवारणीचे पंप दुरुस्त करत. त्यांच्यासमोर मी पाय टेकवलाच नव्हता. फक्त जाता-येता शटर पाहिलं आणि घरी येऊन लेख लिहिला. 'त्या शटरवर बसली आहे ती धूळ नव्हे, एक काळ आहे,' असं वाक्य त्यात होतं. 'मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं,' असंही होतं.

वर्षभरात माझ्या कुठल्याच लेखाला मोबाइलवर इतकी हात जोडलेली चित्रं आली नव्हती. दोघा-तिघांनी तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून पाठवलं. माणूस गेला असं मी लिहिलं नव्हतं; त्यांची ती चूक दुरुस्त करावी असं वाटलं, पण त्यांच्यामुळे लेखाला वजन येत होतं. मी गप्प बसलो. बायकोला मात्र लेख तीनदा वाचून दाखवला.

"पण त्या माणसाचं झालं काय?" तिनं विचारलं.

"दुकान बंद झालं."

"कोणी सांगितलं?"

"अगं, असं लेखन सुचावं लागतं."

"सुचलं ते दिसलं. विचारलं का, ते सांगा."

मी तिला लेख चौथ्यांदा वाचून दाखवला नाही.

पंधरा दिवसांनी चाचा माझ्या फाटकाशी उभे. धडधाकट, हात तेलानं काळे, खांद्यावर अवजारांची पिशवी.

"साहेब, मी मेलो हाव काय?"

मी "या, बसा" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"बसत नाई. एवढं सांगा फक्त. लोकायनं माह्या बहिणीले फोन केले. असं अभद्र आयकून ते दोन दिवस रडून राह्यली आन् मी तिच्याच ओसरीत जेवून राह्यलो!"

मग कळलं. फवारणी सुरू झाली की चाचा दरवर्षी गावातलं दुकान लावून घेतात आणि फुलसावंगीकडं बहिणीच्या घरी मुक्काम करून आठवडी बाजारांत बसतात. वॉशर गेला म्हणून शेतकरी कामाचा दिवस मोडून उमरखेडला येत नाही, दुरुस्ती करणाऱ्यानंच जावं लागतं. हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक. माझ्या यादीत शेतकरी एकही नव्हता. शेजारच्या दुकानदारांनाही ठाऊक होतं, पण त्यांना वाटलं, छापून आलंय म्हणजे या वेळी चाचांनीच सांगितलं असेल.

यवतमाळला राहणाऱ्या जागामालकांनीही पत्रक वाचून तसाच समज करून घेतला. चाचांचा फोन लागला नाही, तेव्हा त्यांनी जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देऊन टाकली. चाचा परत आले तर शटरला दुसरंच कुलूप. आतली अवजारं बोळात पोत्यांत भरून ठेवलेली.

मी मालकांना फोन लावला. "थोडा गैरसमज झाला," म्हणालो. माझी चूक झाली, हे शब्द काही केल्या तोंडातून निघेनात.

"कुणाचा गैरसमज?" मालक म्हणाले. "तुम्ही तर स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं ना?"

चाचा समोरच उभे होते. माझा फोन मोठ्यानं ऐकू येतो.

"माझी चूक झाली," मी म्हणालो.

"मग तसं छापा. मी त्या पोराला शब्द दिलाय, त्याला काय दाखवू?"

पुढचाच अंक वर्षपूर्तीचा होता. पहिल्या पानावर वर्षातला सर्वोत्तम लेख पुन्हा छापायचा बेत होता आणि तो कोणता, हे सांगायला नको. तो काढला. तिथं लिहिलं, 'दुकान चालू आहे. चाचा ठणठणीत आहेत. मी न विचारता लिहिलं.' एवढ्या तीन वाक्यांना मला अख्खा रविवार लागला. या वेळी हात कोणी जोडले नाहीत.

मालकांनी अर्धंच ऐकलं. रस्त्याकडची बाजू कव्हरवाल्याकडेच राहिली, चाचांना मागची, बोळात उघडणारी खोली मिळाली. तिथं ऊन येत नाही. बारीक नोझल साफ करताना ते दारात सरकून बसतात. रस्त्यावरून आता त्यांचं दुकान दिसतच नाही, आणि ते माझ्या एका वाक्यानं झालं.

परवा गेलो. स्कूटर बंद केली, उतरलो, बोळात शिरलो. म्हटलं, "चाचा, नव्या जागेबद्दल पत्रकात लिहितो. लोकांना सापडायला सोपं जाईल."

त्यांनी पंपातून मान वर काढली नाही.

"नका लिवू साहेब. गिऱ्हाईक मले बरोबर हुडकते. तुमालेच तेवढं जमलं नाई."