पासवर्डांची वही

नोकरीतली बरीच प्रकरणे आता विसरलो आहे. हे एक मात्र डोक्यातून जात नाही. तपास झाला, आरोपपत्रही दाखल झाले, तरी मला ते नीट उमगलेले नाही.

जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. धुळ्याच्या पोलिसांचे पत्र आले. फोनवरून लोकांना फसवण्यासाठी वापरलेली सहा सिमकार्डे आमच्या हद्दीतल्या एका आदिवासी पाड्यावरच्या बायांच्या नावावर होती. त्यातल्या निम्म्या बायांना स्वतःहून नंबरही लावता येत नव्हता. आमचे हवालदार पाड्यावर विचारपूस करून आले आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणारी पाड्यावरचीच होती. पदवीपर्यंत शिकलेली, बायांना मोबाइल शिकवणारी.

"सर, बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला बघा. आमच्या सगळ्या बायांचे पासवर्ड त्याच्या वहीत आहेत."

दुकानदार पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ. पंचांसमक्ष झडती घेतली. वही काउंटरवरच पडलेली होती. प्रत्येक बाईचे नाव आणि समोर चार आकडे. प्रकरण सुटले असे मला वाटले. सलग दोन दिवस त्याला चौकशीला बोलावले. त्याचे उत्तर एकच.

"मी मागितले नाहीत साहेब. त्या विसरतात, म्हणून मलाच लिहून ठेवायला सांगतात."

तिसऱ्या दिवशी पाड्यावरची एक म्हातारी अक्का जीपने ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने बसायला सांगितले, पण ती बसली नाही.

"तो आमना माणूस शे, सायेब. बठ्ठ्या बाया त्यालेच आकडा सांगतस."

"अक्का, पासवर्ड परक्याला सांगू नये."

"माले याद ऱ्हात नही. त्याले नही सांगू ते कोनले सांगू?"

मी गोंधळलो. एवढा विश्वास टाकणारी बाई खुळी की शहाणी, तेच कळेना. मग उशिरा सुचलेला प्रश्न विचारला. दुकानदार सिमकार्ड विकतच नव्हता, त्याच्याकडे अंगठ्याचे मशीनही नव्हते. मग सिम घेताना तुम्ही अंगठा कुठे लावला?

"शाळामा, ताईना शिबिरमा. पहिला अंगठा उमटना नही म्हने, मंग आखो एकदा लावाले सांगं."

एका अंगठ्यावर बाईचे सिम निघाले होते, दुसऱ्यावर फसवणाऱ्यांचे. आणि ताई म्हणजे आम्हाला फोन करणारीच.

महिला पोलिसांसमोर तिचा जबाब घेतला. शिबिरात मशीन घेऊन आलेला माणूस धुळ्याचा सिमकार्ड एजंट होता. तिची त्याच्याशी ओळख फक्त फोनवरची. तिला यातले काही माहीत नव्हते, हे पुढे तपासात सिद्ध झाले. एजंटला आम्ही अमळनेरच्या बसस्थानकावर पकडले.

मी तिला विचारले, "त्या एजंटवर विश्वास कसा ठेवलास?"

"गळ्यात ओळखपत्र होतं सर. कंपनीचं पेजही मी मोबाइलवर बघितलं होतं."

"आणि दुकानदारावर संशय का? तो तर इतक्या वर्षांचा ओळखीचा."

"ग्रुपवर रोज काहीतरी येतं ना सर, त्यांच्या लोकांबद्दल." मग तिला रडू आले. तिने मुद्दाम खोटे सांगितले नव्हते. तिला खरेच बायांची काळजी वाटत होती, आणि तिच्या शिकवण्यामुळेच काही बाया सुरतेला कामाला गेलेल्या मुलांशी बोलू लागल्या होत्या.

मी पाड्यावर जाऊन सगळ्यांना बजावले, पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही. सल्ला बरोबरच होता. दुकानदाराला वही फाडायला लावली, तेही बरोबरच होते. महिन्याभराने अक्का पुन्हा ठाण्यात आली. तिचा मोबाइल बंद पडला होता, सुरतेच्या मुलाशी बोलणे थांबले होते. "दुकानमा जावानं नही ना? तुम्हीनच सांगं," ती म्हणाली. पाड्यावरचे कुणीच आता दुकानाची पायरी चढत नव्हते.

मी तिला गाडीत बसवून दुकानात नेले. मी बोललो ते माफीसारखे होते, पण पोलिसाला माफी नीट मागता येत नाही. दुकानदाराने मोबाइल सुरू करून अक्काच्या हातात दिला.

"आकडा तुम्हीच टाका अक्का. मी बघत नाही," असे म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जास्त जाणणाऱ्या ताईने परक्यावर विश्वास टाकला आणि ओळखीच्यावर संशय घेतला. काहीच न जाणणारी अक्का माणसाच्या बाबतीत चुकली नाही, पण फसली तीही. यातून काय शिकावे, हे मला कुणी विचारले तर मी अजून अडखळतो.

अक्काने मात्र मोबाइल काउंटरवर ठेवला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत, दाबत गेली. दुकानदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.