चार ते साडेचार

आमच्या ऑफिसच्या स्टोअरकीपरकाकांकडून पेनाची एक रिफिल मिळवण्यापेक्षा खडकवासल्याचं धरण बादलीनं उपसणं सोपं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. वस्तू साऱ्या कंपनीच्या, पण कपाटाच्या किल्ल्या काकांच्या कमरेला, आणि त्या त्यांनी तीस वर्षांत कुणाच्या हाती दिल्या नव्हत्या. रिफिल हवी तर आधी जुनी दाखवायची. ती ते कागदावर घासून बघत आणि पुसटशी रेघ उमटली, की "अजून धुगधुगी आहे हिच्यात. या आपण," म्हणून वाटेला लावत. स्टेपलर मागायला आलेल्या एका नव्या मुलीला त्यांनी विचारलं होतं, "कागद किती? दोनच? मग टाचणीनं काय घोडं मारलंय?" साहेबांनी खुर्चीला उशी मागितली तेव्हा तर शांतपणे म्हणाले, "आपण जागेवर असता कधी?"

असा हा माणूस निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना इंग्रजी शिकायला लागला. कारण तसं साधंच होतं. मुलानं कोइमतूरची मुलगी पसंत केली होती आणि तिच्या वडिलांना मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. एकुलती एक लेक एवढ्या लांब द्यायला ते कचरत होते. पुण्याला येऊन, माणसं बघून, बोलून मगच काय ते ठरवणार होते. मुलगा म्हणाला, "मी सांगेन ना भाषांतर करून." काका उखडले. "मुलगी मागणार मी आणि बोलणार तू?" त्यांनी कोथरूडमधल्या एका बाईंचा क्लास लावला आणि ऑफिसात जाहीर केलं, की सरावासाठी रोज दुपारी चार ते साडेचार आपण फक्त इंग्रजीतच बोलणार.

पहिल्याच दिवशी चारला मी भीतभीत रिफिल मागायला गेलो. काका चक्क उठून उभे राहिले, "सर्टनली! विथ प्लेझर!" म्हणाले आणि एक सोडून दोन रिफिली माझ्या हातावर ठेवल्या. जुनी बघितलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुलासा विचारला, तर तोंड वाकडं करून म्हणाले, "बाईंनी अजून नाही म्हणायचा धडा घेतलेला नाही." ही बातमी फुटल्यावर चारच्या ठोक्याला स्टोअरबाहेर स्वारगेटला एसटी लागावी तशी झुंबड उडू लागली. लोकांनी फायली नेल्या, टेबलपंखे नेले, साहेबांनी उशी नेली. "थँक यू, प्लीज कम अगेन," असं काका प्रत्येकाला हसून सांगत. मीही एकदा पेनांचा अख्खा खोका उचलला, पण गप्पा मारत रेंगाळलो आणि तिथंच फसलो. साडेचार झाले. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठेवा तो खोका खाली. दुकान काढताय?"

व्याही यायच्या दिवशी त्यांनी मला आधाराला घरी बोलावलं. "मी अडलो की तुम्ही चहा सांडा," एवढंच माझं काम. वेळ अर्थातच चारची. लग्न आमच्या गावी व्हावं, असं व्याही म्हणाले. काका म्हणाले, "सर्टनली." आमच्याकडे मुहूर्त पहाटेचा असतो, व्याही म्हणाले. "विथ प्लेझर." काकूंनी महिनाभर पायपीट करून कोथरूडमधला हॉल पसंत करून ठेवला होता. त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या आणि मी कपाकडे बघत होतो. मग व्याही खुर्चीत पुढं सरकले. हळूहळू इंग्रजीत म्हणाले, की माझ्या लेकीचं इथं कुणीच नाही, या घरात ती कोण असेल?

हा प्रश्न काकांच्या कुठल्याच धड्यात नव्हता. मी कप हातात घेतला. काकांनी कमरेला हात घातला, घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, शी विल कीप द कीज." व्याह्यांनी उठून त्यांचे दोन्ही हात धरले. चहा सांडायची वेळ आलीच नाही. पाहुणे गेल्यावर काकू मात्र म्हणाल्याच, "अहो, तेवढा नाही म्हणायचा धडा आधी मागून घ्यायचात की!" काका मुकाट्यानं कपबशा उचलायला लागले.

लग्न कोइमतूरला थाटात झालं. गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. आता स्टोअरमध्ये हवं ते मिळतं, जुनी रिफिल कुणी बघत नाही, आणि मला तिथं जावंसंच वाटत नाही. परवा त्यांच्या खणात त्यांची इंग्रजीची वही सापडली. तिसऱ्याच पानावर, क्लासच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घालून, 'सॉरी, इट इज नॉट पॉसिबल' हे वाक्य वळणदार अक्षरात वीस वेळा लिहिलेलं होतं. खाली बाईंची बरोबरची खूण होती.

मी लगेच फोन लावला. "काका, तुमची वही राहिलीय इथं."

"मग? वाचलीत वाटतं."

"तिसरं पान वाचलं."

काका नुसतेच खाकरले. मी वही मिटली. मग म्हणालो, "करमत नाही हो तुमच्याशिवाय. मधूनमधून येत जा ना."

"सर्टनली," काका हळूच म्हणाले. "विथ प्लेझर."

मी घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच झाले होते.