पुढचं तुमी सांगा

आमच्या साडूंनी उभ्या जन्मात एकही वाक्य एकट्याने पुरं केलं नव्हतं. जीभ अडायची म्हणून नव्हे, जीभ त्यांची चांगली खणखणीत होती. पण टोकावड्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत ते जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते, आणि गोष्ट असो की गणित, अर्धं आपण बोलायचं आणि उरलेलं मुलांवर सोपवून गप्प बसायचं, ही त्यांची शिकवण्याची तऱ्हा. शाळा सुटून घरी आले तरी खोड सुटेना. "चहात साखर जरा..." असं म्हणून ते कपाकडे बघत बसायचे. घरातलं कुणीतरी "कमी आहे" म्हणेपर्यंत चहा गार व्हायचा.

माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे साडूंची बायको. तिला सगळे ताई म्हणतात. तिला बघायला साडू आले तेव्हाचा किस्सा सासुरवाडीत मी इतक्यांदा ऐकलाय की आपणच कांदेपोहे खाल्ले असं मला वाटतं. पाहुण्यांसमोर साडू म्हणाले, "मुलगी मला..." आणि थांबले. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरले. सासऱ्यांनी पानाचं तबक मागे ओढलं. शेवटी आतल्या खोलीतून ताईच म्हणाली, "पसंत आहे." असं धाडस आमच्याकडे त्याआधी कुठल्या मुलीने केलं नव्हतं. साडू मात्र पहिलं उत्तर बरोबर आल्यासारखे खूश झाले.

एकदा मुरबाडच्या स्टँडवर बसमध्ये चढले आणि कंडक्टरला म्हणाले, "एक द्या..." मागची बाई म्हणाली सरळगाव. एक म्हातारा म्हणाला टोकावडे. मग अख्ख्या गाडीला चेव आला, ज्याला जे गाव आठवेल ते तो ओरडू लागला, आणि वैतागलेल्या कंडक्टरने पार आळेफाट्याचं तिकीट फाडून हातात दिलं. साडू माळशेज घाट चढून आळेफाट्याला गेले, भजी खाल्ली आणि दिवेलागणीला परत आले. ताईने कपाळावर हात मारला. साडू शांतपणे म्हणाले, "एवढ्या माणसांनी मिळून ठरवलेलं, मी एकट्यानं..." "मोडायचं कसं!" ताईनेच वैतागून पुरं केलं.

वर्गात तर त्यांचा कहरच होता. तिघांत एक पाटी, तिघांत एक गणित. एकाने मांडायचं, दुसऱ्याने सोडवायचं, तिसऱ्याने चूक काढायची आणि मग जागा बदलायच्या. रोज एक गोष्ट रचायची, तीही प्रत्येकाने एकेक वाक्य घालून. आपलं वाक्य सांगून झालं की दुसऱ्याचं ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. एक आई तणतणत आली की आमच्या पोराला एकट्याला काय येतं तेवढं सांगा. साडू म्हणाले, "आवो, भाताची आवणी कुणी एकटा..." ती रागाच्या भरातही "करतो व्हय?" म्हणून गेली आणि मग स्वतःशीच हसली.

त्यांच्या स्नेहसंमेलनातला वाघ मी डोळ्यांनी पाहिला. गोणपाटं एकमेकांना शिवून त्याखाली शाळेतली सगळीच्या सगळी नऊ मुलं शिरली होती. पुढल्या पायांचं म्हणणं शिकारीला जावं, मागच्या पायांना तहान लागलेली. वाघ भर अंगणात दोन दिशांना ताणला गेला. मग गोणपाटाखालून बराच वेळ कुजबुज ऐकू आली आणि वाघ सगळाच्या सगळा पाण्याकडे वळला. आम्ही पोट धरधरून हसलो. पाहुण्या साहेबांनी उत्तम नटासाठी एक कंपासपेटी आणली होती. ती घ्यायला अख्खा वाघ पुढे आला.

तीच शाळा पट कमी म्हणून बंद झाली. रस्त्याकडच्या इंग्रजी शाळेची गाडी वाडीपर्यंत येऊ लागली होती, काही घरं कामासाठी खाली उतरली होती, नवीन मूल येत नव्हतं. हे होणार हे साडूंना कळत होतं, आणि शाळा वाचवा असं ते कुणाला म्हणालेही नाहीत. त्यांचं मागणं एकच होतं, की या नऊ जणांना कुठेही घाला पण एकाच शाळेत घाला. त्यासाठी त्यांनी मुरबाडच्या कचेरीत खेटे घातले. एकदा मीही बरोबर होतो. साहेब वाईट नव्हते. मुलांना एकत्र ठेवायचा एवढा आग्रह कशासाठी, असं त्यांनी सरळ विचारलं. साडू उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही पोरं एकेकटी अर्धी हायेत."

मी पुढचं ऐकायला थांबलो. मग लक्षात आलं की वाक्य संपलंय. साडूंनी ते एकट्याने पुरं केलं होतं.

मागणं मान्य झालं नाही. चौघं टोकावड्याला गेली, तिघं ओढ्यापलीकडच्या शाळेत, आणि दोन बहिणींना आईबापांनी शहापूरकडच्या आश्रमशाळेत घातलं. साडूंना नोकरीच्या शेवटच्या वर्षासाठी रस्त्यावरच्या, जिल्हा परिषदेच्याच मोठ्या शाळेत धाडलं. तिथे त्यांच्याकडे वर्ग नव्हता, पोषण आहाराचा हिशेब होता.

त्यानंतर साडू पूर्ण वाक्यं बोलू लागले. इतकी वर्षं सगळं घर ज्यासाठी देव पाण्यात घालून बसलं होतं, ते झालं आणि घर घाबरलं. मी आसनगावाहून मुद्दाम भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "या. बसा. चहा घ्या. साखर बरोबर हाय." ताई कप ठेवून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मला फार वाईट वाटलं. या माणसाची मी जन्मभर टिंगल केली होती, आणि आता त्यातलं एखादं तुटकं वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते.

मग मीच धीर केला. म्हटलं, "साडूभाऊ, तो तुमचा वाघ पाण्यावर गेला आणि..."

आणि थांबलो. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. ओठ किंचित हलले. क्षणभर वाटलं, आता येणार. बाहेर कुणाची तरी गुरं घरी परतत होती, ती सगळी दारापुढून जाईपर्यंत ते बघत राहिले.

"मला नाय सांगता येणार," ते म्हणाले. "ती नऊ जणांची गोष्ट व्हती. माझ्याकडं एकच वाक्य हाय तिच्यातलं."

ते वाक्य कोणतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. निघताना ते फाट्यापर्यंत पोचवायला आले आणि बस येईपर्यंत माझी पिशवी धरून उभे राहिले.

बसमध्ये कंडक्टर जवळ आला. काय झालं कुणास ठाऊक, मी पैसे पुढे केले आणि म्हणालो, "एक द्या..."

गाडी भरलेली होती. मागे बायका होत्या, एक म्हातारा होता, कॉलेजातली मुलं मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. मी थांबलो, जरा जास्तच थांबलो. कुणी काही बोललं नाही.

"काका, कुठलं? लवकर बोला," कंडक्टर म्हणाला.

मी मुकाट्याने मुरबाडचं तिकीट घेतलं.